तलफ आली की काय करता, काका?

मार्केट यार्डात हळदीचे सौदे उरकले की साडेदहाच्या सुमाराला हमाल, तोलाईदार, ड्रायव्हर सगळे चहाला सुटतात. तेव्हा आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी मला बाजूला घेऊन विचारतं, "काका, तुम्ही सिगारेट सोडली म्हणं. पण तलफ आली की काय करता ओ?" सोडली कशी, असं फारसं कुणी विचारत नाही. सोडून तर अनेकांनी चार-चारदा बघितलेली असते. घोडं अडतं ते तलफेपाशीच. चहाचा कप रिकामा होईपर्यंत याचं उत्तर पुरं होत नाही, म्हणून आज सगळं लिहूनच काढतो.

मी सांगलीत एका अडत दुकानात दिवाणजी आहे. अकरावीत पहिली ओढली, पुढे दिवसाला दहा-बारा, आणि असं पंचवीस वर्षं चाललं. सीझनमध्ये यार्डातल्या सगळ्यांचीच बोटं हळदीनं पिवळी असतात, त्यात माझी वेगळी दिसायची नाहीत. पावसाळ्यात हळद धुऊन जायची, पण तर्जनी आणि मधल्या बोटाच्या पेरांवरचा डाग तसाच राहायचा. मुलगी लहान होती तेव्हा एकदा मोरीत माझा हात धरून, साबण लावून तो डाग घासत बसली होती. "बाबा, इथली हळद निघतच नाही." मी हात काढून घेतला. तिला काय सांगायचं ते मला सुचलं नव्हतं.

आता तलफेचं. मी २०२१ च्या दिवाळीच्या पाडव्याला सोडली. आमच्याकडे नवी वही त्याच दिवशी सुरू होते. पण त्याआधी आठ दिवस मी एक छोटी वही खिशात ठेवली होती. प्रत्येक सिगारेटला वेळ, जागा आणि सोबत कोण, एवढंच टिपायचं. ओढायची तेवढी ओढली, फक्त लिहून. आठव्या दिवशी पानं उलटली तेव्हा कळलं, की दिवसभर हवीहवीशी वाटते असं जे मी म्हणायचो ते खरं नव्हतं. उठल्याउठल्याची एक, जेवणानंतरची एक, आणि बऱ्याचदा दीड-दोन तासांच्या अंतरानं येणाऱ्या दोन-तीन, एवढ्या शरीर मागत होतं. बाकीच्या जागांच्या होत्या. सौदे सुटल्यावर टपरीची. शेतकऱ्याचा पट्टीच्या, म्हणजे विकलेल्या मालाच्या पैशांसाठी फोन येऊन गेला की दुकानाच्या मागच्या दाराची. रात्री गाडी लावल्यावर बोळाच्या तोंडाची.

त्या दोन तासांचं कारण मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. धूर आत गेला की दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं, आणि साधारण दोन तासांत रक्तातलं निम्मं उतरतं. मग शरीर पुन्हा मागतं. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांत जड जातात. चिडचिड होते, झोप लागत नाही, हिशोबाची बेरीज दोनदा चुकते. तीन-चार आठवड्यांत शरीराचं मागणं बरंचसं ओसरतं. जागांचं मागणं मात्र राहतं, आणि माणसं तिथंच फसतात, कारण महिना झाला म्हणजे सुटली असं आपण धरून चालतो.

म्हणून मी तलफेशी झुंजायला बसत नाही. ती कुठं येणार ते वहीत लिहिलेलं होतं, त्या जागाच बदलल्या. टपरी सहा महिने बंद केली, चहा दुकानात मागवला. मागचं दार सोडून पुढच्या दारानं बाहेर पडून शेडला एक फेरी मारायची. जेवण झालं की लगेच उठून दात घासायचे. तरी आलीच, तर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं. वहीत मी तेही टिपलं आहे: चार मिनिटं, सहा मिनिटं, तीन मिनिटं. दहाच्या वर फार क्वचित. तेवढा वेळ हाताला आणि तोंडाला काम हवं. माझ्या टेबलाच्या खणात तासगावचे बेदाणे असतात, एकेक करून चावायचे. भडंग मी करून बघितलं, पण तिखटानं चहा आठवतो आणि चहानं सिगारेट.

चहावरून एक सांगायचंच आहे, कारण हे फार कमी जणांना ठाऊक असतं. सिगारेटच्या धुरानं शरीर चहा-कॉफीतलं कॅफिन नेहमीपेक्षा लवकर जिरवतं. धूर बंद झाला की तेवढाच चहा अंगात जास्त वेळ राहतो. पहिल्या आठवड्यात माझी छाती धडधडायची, हात थरथरायचे, आणि मी त्याला तलफ समजत होतो. सहा कपांचे तीन केले, निम्मी तगमग गेली.

निकोटिनचा च्युइंगगमही घेतला, दोन मिलिग्रॅमचा. आधी मी तो साध्या च्युइंगगमसारखा चघळला, तर उचकी लागली आणि मळमळलं. तो हळू चावायचा, जिभेला झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचा, त्या गेल्या की पुन्हा चावायचा. असा अर्धा तास. आणि त्याच्या आधी पंधरा मिनिटं चहा नाही, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. ज्यांचं ओढणं फार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारावं. गोळ्याही असतात, पण त्या त्यांच्याच सल्ल्यानं. सिगारेटच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा सोडायला मदत करणारा नंबर फुकट आहे. दुसऱ्या संध्याकाळी मी तो लावला होता. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि मला त्या वेळी तेवढंच हवं होतं.

हे सगळं मला पहिल्या खेपेला माहीत नव्हतं. २०१९ च्या जानेवारीत मी सोडली होती, सात महिने हात लावला नाही. ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभागातलं आमचं घर पाण्यात, आम्ही विश्रामबागेत बहिणीकडे. एका संध्याकाळी मी पाण्याच्या कडेला उभा होतो. आमची गल्ली कुठून सुरू होते तेही कळत नव्हतं. शेजारच्या एका माणसानं न बोलता पाकीट पुढं केलं. त्यानं मायेनंच केलं, त्याला मी कधी दोष दिला नाही. मी घेतली.

खरी चूक त्यानंतरची. संपलं सगळं, सात महिने वाया गेले, असं मनात धरून परतताना मी अख्खं पाकीट विकत घेतलं. पुढची दोन वर्षं त्या पाकिटानं गेली. एक ओढली गेली तर ती एकच असते हो. त्याच क्षणी थांबलं तर सात महिने कुठं जात नाहीत. हे मी कळवळून सांगतो, कारण मला हे सांगणारं तेव्हा कुणी नव्हतं. मात्र ठरवून "एकच" घ्यायला जाऊ नका. राज्यात सुटी सिगारेट विकायला २०२० पासून बंदी आहे, तरी ती मिळते, आणि "एकच" म्हणणाऱ्याला तीच सोयीची पडते.

अजूनही येते का? येते. दुःखात येईल हे मी धरून होतो, पण आनंदात जास्त येते. मुलीचा दहावीचा निकाल मोबाईलवर बघितला आणि हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे गेला. खिशात पेन होतं. ते काढून मी तिचे मार्क वहीच्या मागच्या पानावर लिहिले, एकेका विषयाचे, सावकाश. लिहून होईपर्यंत तलफ गेली होती.

परवा ज्या ड्रायव्हरनं विचारलं तो पंचविशीचा आहे, दिवसाला वीस ओढतो. त्याला मी म्हटलं, आधी वही घे, आठ दिवस नुसतं लिही. आणि सौदे सुटले की टपरीवर जायच्या ऐवजी शेडच्या मागच्या बाजूला ये. मी तिथं रोज असतो. दोन फेऱ्या मारू, बेदाणे माझ्याकडे आहेत.