सात सांधे आणि सायकलचे स्पोक

गेले दोन महिने रात्री जेवणं आटोपली की मी बेडरूममधल्या फळीखाली आडवा, तोंडात टॉर्च आणि हातात पकड. फळी म्हणजे माझ्या मॉडेल रेल्वेची, आठ बाय दोन फुटांची, १२ एमएम प्लायची, वर कॉर्क आणि त्यावर एचओ स्केलचे रूळ, म्हणजे खऱ्याच्या १:८७, दोन रुळांत १६.५ मि.मी. अंतर. एक छोटं स्टेशन, एक गुड्स शेड, एक लूप, आणि सगळे मिळून सात सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवणारे पॉइंट. सातही सांधे हाताने चालवायचे, मोटर एकही नाही, हे मी सुरुवातीलाच ठरवलं होतं.

का म्हणाल तर पहिलं कारण असं की आठ फुटांच्या फळीवर हात पोचत नाही असं काही नसतंच. आमच्या पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वेचं संग्रहालय आहे, तिथे सगळं पॅनलवरून चालतं, आणि तेवढ्या पसाऱ्याला तेच हवं. पण माझ्याकडे मुख्य काम शंटिंगचं आहे, इंजिन आणायचं, थांबवायचं, सांधा फिरवायचा, दोन वाघिणी शेडला लावायच्या. त्यात सांधा फिरवणं हेच निम्मं काम, ते बटणाला देऊन टाकलं तर मग मी करायचं काय! शिवाय एकेका मोटरचा खर्च सातने गुणून बघितला आणि तेवढ्यात एक इंजिन येतं हे लक्षात आलं.

आता हाताने म्हणजे नक्की कसं. सगळ्यात सोपं म्हणजे बोटाने. पेको कंपनीच्या सांध्यात एक बारीक स्प्रिंग असते, थ्रो बारला (सरकत्या रुळांना जोडणारी आडवी पट्टी) बोट लावून ढकललं की टक् करून टंग रेल, म्हणजे टोकदार सरकता रूळ, पलीकडे जाऊन स्टॉक रेलला, म्हणजे शेजारच्या पक्क्या रुळाला, चिकटते आणि तिथेच राहते. पुढच्या कडेजवळ सांधा असेल, मध्ये खांब सिग्नल काही नसेल तर खरंच दुसरं काही लावू नका. दुसरा प्रकार म्हणजे ग्राउंड थ्रो, रुळाशेजारी बसणारा छोटा लिव्हर, आपल्या यार्डात पॉइंट्समन पाडतो ना तसाच. ज्या सांध्यांत स्प्रिंग नसते त्यांना असं काहीतरी लागतंच. चालवायला फार मजा येते, पण शेजारी दोन सेंटीमीटरचा पॉइंट्समन उभा केला की लिव्हर त्याच्या मानाने अवजड दिसतो, म्हणून मी तो फक्त मागच्या सायडिंगला एक लावला.

तिसरा प्रकार मला सगळ्यात आवडला, त्यावरच सविस्तर लिहितो. फळीखाली स्लाइड स्विच आणि पुढच्या पट्टीवर ओढायची मूठ. तपकीर गल्लीत सहा पायांचे स्लाइड स्विच मिळतात, त्यातले जरा मोठ्या आकाराचे घ्या. स्विचच्या दांडीवर प्लास्टिकचा छोटा तुकडा अराल्डाइटने चिकटवायचा, त्याला दोन भोकं. एका भोकात ०.८ मि.मी. ची पियानो वायर, म्हणजे कडक पोलादी तार, उभी, ती फळीतल्या भोकातून वर जाऊन थ्रो बारच्या भोकात शिरते. दुसऱ्या भोकात सायकलचा स्पोक. स्पोक दोन मि.मी. जाड, साधारण फूटभर लांब, आणि एका टोकाला आधीच वाकवलेला असतो, ते वाकडं टोक भोकात छान अडकतं! दुसऱ्या टोकाला आटे आणि त्यावर फिरणारी बारीक नट, म्हणजे निपल, मूठ तिथे बसवली की निपल फिरवून लांबी अर्धा-एक मि.मी. इकडेतिकडे करता येते. मला हे सुचलं सायकलच्या दुकानात पंक्चर काढून घेताना, भिंतीला स्पोकचा जुडगा टांगलेला होता त्याकडे बघून.

यातली खुबी अशी की स्विच जितका सरकतो त्यापेक्षा टंग रेल कमी सरकते, उरलेली सरक ती पातळ वायर वाकून खाते आणि टंग रेल सतत दाबून धरते. त्यामुळे या सांध्यांतली पेकोची स्प्रिंग मी काढून टाकली, नाहीतर दोघांची ओढाताण होते. एकच अट, रूळ पुढच्या कडेला समांतर हवा, कारण मूठ आतबाहेर होते आणि थ्रो बारही त्याच दिशेने सरकायला हवा. सांधा तिरका असेल तर मध्ये कोन बदलणारा तुकडा लागतो, मग ढिलेपणा वाढतो, त्या भानगडीत मी पडलो नाही. म्हणून हिशोब असा झाला: चार सांधे स्पोकवर, दोन बोटाने, एक ग्राउंड थ्रो.

आणि स्लाइड स्विच घेण्याचं खरं कारण म्हणजे इंजिनाला रुळांतून मिळणारी वीज. माझे सांधे धातूच्या फ्रॉगचे आहेत (फ्रॉग म्हणजे सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात ती जागा), त्यावर छोटं चार चाकी इंजिन संथ चाललं तरी अडत नाही, पण सांधा बदलला की फ्रॉगची पोलॅरिटीही बदलायला हवी. टंग रेल स्टॉक रेलला टेकून वीज घेते हे खरं, पण तिथे धूळ बसली की संपलं. स्विचच्या एका रांगेतला मधला पाय फ्रॉगला, बाजूचे दोन पाय दोन स्टॉक रेलना, म्हणजे एकाच ओढीत सांधाही फिरतो आणि वीजही. फ्रॉगच्या पुढच्या दोन्ही रुळांना वीज तोडणारे प्लास्टिकचे जॉइनर विसरू नका. मीटरने बघून घ्या, टंग रेल ज्या स्टॉक रेलला चिकटली आहे तिच्याशीच फ्रॉग जुळला पाहिजे, उलट झालं तर इंजिन फ्रॉगवर आलं की शॉर्ट.

एक नुकसान झालं ते सांगतो. वायरचं भोक रूळ चिकटवायच्या आधी पाडायचं असतं, मी दोन सांधे आधीच चिकटवून बसलो होतो. खालून ड्रिल मारलं, ते एकदम वर आलं आणि थ्रो बारचे दोन तुकडे. नवीन सांधा बाहेरून येईपर्यंत पाच आठवडे तिथे नुसतं कॉर्क. दुसऱ्याला मग हात लावला नाही, तो बोटाने चालणाऱ्या दोघांतला एक. आता आधी कागदावर सांध्याचा छाप घेतो, थ्रो बार दोन्हीकडे सरकवून खुणा करतो, आणि वरून १० मि.मी. चं भोक पाडतो. खडी टाकतानाही थ्रो बारच्या आजूबाजूला पातळ केलेला फेविकॉल सोडायचा नाही, तिथली खडी दाणादाणा चिमट्याने.

मागच्या रविवारी मामा आले होते. ते रेल्वेत पॉइंट्समन होते, नंतर सिग्नल कॅबिनला. मुठी मी काळ्या रंगवल्यात, कॅबिनमध्ये सांध्याचे लिव्हर काळे असतात तशाच, ते बघून त्यांना बरं वाटलं. मग चष्मा लावून प्रत्येक सांध्यापाशी वाकून बसले. म्हणाले, "अरे, मूठ आत गेली म्हणजे सांधा लागला असं नसतं, टंग रेल टेकली का ते बघ." खऱ्या सांध्यात मध्ये पाच मि.मी. ची पट्टी धरून बघतात, ती असताना सांधा लॉक होता कामा नये. "मग तुझ्याकडे पाच एमएमचं किती होतं?" मी फोनवर भागून दाखवलं, ८७ ने, ०.०६ च्या आसपास, म्हणजे साध्या कागदाहूनही पातळ. त्यांनी खिशातली पावती काढली, पट्टी फाडली, टंग रेल आणि स्टॉक रेलच्या मध्ये धरली आणि मला मूठ ओढायला लावली. पट्टी घट्ट बसली तर पास, ओढून सहज निघाली तर नापास.

सहा सांधे पास झाले. गुड्स शेडच्या सांध्यात पट्टी अलगद निघून आली, आणि दोन वाघिणी तिथेच का घसरत होत्या ते कळलं. निपल दीड आटा फिरवला. मामांनी पट्टी परत धरली, ओढली, फाटली.