तुम्ही विचारलंत म्हणून: 'सेट' म्हणजे नेमकं काय?

मी नागपुरात मानेवाड्यात घरीच स्पोकन इंग्लिशच्या बॅच घेते आणि प्रत्येक बॅचमध्ये कोणी ना कोणी हे विचारतंच, 'मॅडम, सेटचा एकच अर्थ सांगा ना, पाठ करून टाकतो.' आता तर मुलांच्या आयासुद्धा फोन करून विचारतात, म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकावं.

आधी हे ऐका की तुमचा गोंधळ अगदी खरा आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये आली, २० खंडांची, आणि तिच्यात सगळ्यात लांब नोंद याच क्रियापदाची होती, ४३० अर्थ आणि जवळपास ६०,००० शब्द! पुढे 'रन'ने त्याला मागे टाकलं, त्याचे ६४५ अर्थ निघाले आणि पीटर गिलिव्हर नावाचे कोशकार त्या एका शब्दावर नऊ महिने काम करत होते. त्यामुळे पाठ करायचा नाद सोडा, ते कोणालाच जमणार नाही.

पण एकच अर्थ हवा असेल तर माझं उत्तर पक्कं आहे, सेट म्हणजे बसवणे. आपण बसणेचं बसवणे करतो, हसणेचं हसवणे करतो, एक 'व' घातला की काम झालं. इंग्रजीतही फार पूर्वी अशी सोय होती, आतला स्वर बदलायचा. सिट म्हणजे बसणे आणि सेट म्हणजे बसवणे, लाय म्हणजे पडून राहणे आणि ले म्हणजे आडवं ठेवणे, फॉल म्हणजे पडणे आणि झाड पाडायचं असेल तर फेल (fell). ती सोय नंतर मोडली, अशा थोड्याच जोड्या उरल्या. आणि ज्या धातूपासून हे सिट-सेट आलं तोच संस्कृतात 'सद्' आहे, आपलं संसद, परिषद, सदन सगळं त्यातलंच, एकत्र बसायच्या जागा. मला हे दरवेळी सांगताना खूप आनंद होतो कारण मुलांच्या चेहऱ्यावरची भीतीच जाते, परका शब्द एकदम नात्यातला निघतो ना.

इतवारीच्या सराफ्यात खडे बसवायचं काम करणारा एक मुलगा माझ्या बॅचला होता, फारच कमी बोलायचा. त्याला म्हटलं तू दिवसभर काय करतो ते सांग. मग त्याने टेबलावर बोटांनीच दाखवलं, अंगठीला वर चार बारीक काटे असतात, मध्ये खडा ठेवायचा आणि समोरासमोरचे दोन काटे आधी थोडे दाबायचे, मग दुसरे दोन, एकाच बाजूने दाबत गेलं तर खडा तिरका बसतो. आणि सांगता सांगता थांबला न् म्हणाला, 'मॅडम, म्हणजे मी तर सेटच करतो!' बरोबर, सेट अ स्टोन. डॉक्टर हाड बसवतात तेही सेट अ बोन. मराठीत जसंच्या तसं.

पुढचे बरेच अर्थ यातूनच निघतात. एखादी गोष्ट तिच्या जागी पक्की करायची की सेट, मग तो सकाळचा अलार्म असो, लग्नाची तारीख असो नाहीतर परीक्षेचा पेपर. आपण प्रत्येक ठिकाणी वेगळं क्रियापद वापरतो, गजर लावतो, तारीख काढतो, म्हणून इंग्रजीचा एक शब्द जड वाटतो, एवढंच.

सिमेंटची गंमत वेगळीच आहे. तिथे कोणी काही बसवत नाही, ते आपलं आपण सेट होतं. साध्या पोर्टलँड सिमेंटला भारतीय मानकाप्रमाणे घट्ट व्हायला सुरुवात ३० मिनिटांच्या आधी व्हायला नको आणि ते ६०० मिनिटांच्या आत पूर्ण सेट व्हायला हवं, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तर अजूनच पटापट होतं म्हणून मिस्त्री घाई करतात. पण इथे मराठीत स्लॅब 'बसला' म्हणून पाहा बरं, घरचे सगळे धावत सुटतील! म्हणून स्लॅब सेटच होतो, अगदी इंग्रजी न शिकलेल्या मिस्त्रीच्या तोंडीसुद्धा.

आता टी-सेट, टेनिसचा सेट, नववीच्या गणितातला संच, हे कुठून आलं? हा मुळात वेगळाच शब्द आहे, लॅटिनच्या 'सेक्टा'वरून जुन्या फ्रेंचमधून आलेला, म्हणजे एकाच्या मागे जाणाऱ्यांचा गट, पंथ. आवाज सारखा झाला म्हणून दोघं एकमेकांत मिसळले. त्यामुळे चहाच्या कपांमध्ये 'बसवणे' शोधत बसू नका, तिथे नाही सापडणार.

आणि एक गोष्ट मला फार कळकळीने सांगायची आहे. आपण नागपुरात सर्रास म्हणतो, 'भाऊ पुण्याले सेट झाला', 'लाइफ सेट आहे', बोलायला छानच आहे, पण इंटरव्ह्यूत 'माय ब्रदर इज सेट इन पुणे' म्हणू नका, तिथे सेटल्ड हवं. हुशार पोट्टे एवढ्याशा गोष्टीवर अडखळतात, मग पुढचं तोंडच उघडत नाहीत, आणि त्यांना कोणी आधी सांगितलेलंच नसतं याचं मला वाईट वाटतं. भूतकाळाचं मात्र टेन्शन नाही, सेट-सेट-सेट, तिन्ही सारखे.

राहिले शेजारी शब्द. सेट अप म्हणजे उभारणे, सेट आउट म्हणजे निघणे, हे दोन लवकर येतात. सेट असाइडला जपा, महिन्याचे पाचशे रुपये सेट असाइड केले म्हणजे बाजूला काढून ठेवले, पण हायकोर्टाने ऑर्डर सेट असाइड केली म्हणजे रद्दच केली. आणि सेट इन, हा माझा सगळ्यात आवडता. मान्सून हॅज सेट इन, इन्फेक्शन हॅज सेट इन. एका सरीला सेट इन म्हणत नाहीत, आल्यावर जे लवकर हलत नाही त्यालाच म्हणतात, आपण म्हणतो ना, पावसाने ठाण मांडलं.