भुवईच्या केसाचा स्पर्श

"मॅडम, आता हा मागे सरकतच नाहीये. कंटाळला का?" मायक्रोस्कोपवरून नजर न काढता नव्या विद्यार्थिनीनं विचारलं.

तिच्या हातात काडीला चिकटवलेला भुवईचा केस होता. जेमतेम एक मिलिमीटरच्या सी. एलेगन्स कृमीला हळूच स्पर्श करायला आजही हेच साधन वापरतात. सुरुवातीला डोक्याजवळ केस लागला की तो झटकन मागे जायचा. पुन्हापुन्हा लागल्यावर दाद देईना.

याच्यात चेतापेशी फक्त ३०२. हलका स्पर्श ओळखणाऱ्या त्यातल्या सहा. त्यांच्या जवळजवळ सगळ्या जोडण्यांचा नकाशा १९८६ सालीच छापून आला. तरी तिच्या प्रश्नाला मला चटकन उत्तर देता येईना. 'सवय झाली' म्हणणं सोपं आहे. पण नकाशा तोच असताना वागणं बदलतं, तेव्हा त्या एवढ्याशा जिवाच्या आत काय होत असेल?