दुकानदार दुपारी जेवतो तिथे

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आईला घेऊन प्रवासाहून परतले की शेजारणींपासून भावाच्या ऑफिसातल्या मंडळींपर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, "काकूंना घेऊन जाता, त्या पक्क्या शाकाहारी, मग तिकडे जेवणाचं काय करता? इंडियन रेस्टॉरंट शोधता, की बॅगा भरून खाऊ नेता?"

बॅगेत मी मेतकूट, वेलदोड्याची पूड आणि लिंबाचं लोणचं एवढंच ठेवते. बाकी जेवण तिथलंच. ते कुठे जेवायचं आणि सामान कुठून आणायचं हे ओळखायला मी इस्तंबूलमध्ये शिकले, म्हणून तिथलंच सांगते.

पहिल्या संध्याकाळी आम्ही चुकलो. प्रवासाने आई दमली होती, भूक लागली होती. पर्यटकांच्या रस्त्यावर एका रेस्टॉरंटच्या दारात एक माणूस येणाऱ्या-जाणाऱ्याला आग्रहाने आत बोलावत होता. मेन्यूवर सहा भाषा आणि प्रत्येक पदार्थाचा फोटो. बसलो. न मागवता पाव आला, सॅलड आलं, दोन-तीन वाट्यांत चटण्यांसारखं काही आलं. आम्हाला तो पाहुणचार वाटला, पण बिलात प्रत्येक वाटीचे पैसे लावले होते. पैशांचं मी विसरले. आईने डाळीचं सूप म्हणून अर्धा वाडगा प्यायला, ते मांसाच्या पाण्यात शिजवलेलं होतं, हे मात्र विसरता येत नाही. मी विचारलं तेव्हा वेटरने सांगितलं, तोवर उशीर झाला होता. आई काही बोलली नाही. चमचा खाली ठेवला, कोरडा पाव खाल्ला आणि खोलीवर आल्यावर आंघोळ करून झोपली. मला रात्रभर झोप नव्हती. पंच्याहत्तरीच्या बाईला मी हौसेने एवढ्या लांब आणलं आणि पहिलंच जेवण असं झालं.

दुसऱ्या दिवशी एमिनोन्यू या जुन्या बाजारभागाच्या मागच्या गल्ल्यांत फिरत होतो. आई एका दुकानात लेस बघत होती. साडेबाराच्या सुमारास दुकानदाराने पोऱ्याला गल्ल्यावर बसवलं आणि तो घाईने रस्ता ओलांडून एका अरुंद दारात शिरला. पाठोपाठ शेजारचा बटणंवाला गेला, मग हमाली करणारे दोघे. मी दारातून डोकावून पाहिलं. आठ-दहा टेबलं, लांबलचक काचेचं कपाट, त्यात एका बाजूला गरम, दुसऱ्या बाजूला गार भाज्यांचे ट्रे, आणि पलीकडे डाव घेऊन उभा असलेला आचारी. लोक काचेवर बोट टेकवत, ताटली भरून घेत, पंधरा मिनिटांत जेवून उठत. दारात बोलवायला कोणी नाही, फोटो नाहीत. ही खानावळ आहे हे मला कोणी सांगावं लागलं नाही.

तुर्कस्तानात अशा जागेला 'एस्नाफ लोकांतासी' म्हणतात. एस्नाफ म्हणजे दुकानदार, कारागीर, बाजारात पोट भरणारी माणसं. इथलं गिऱ्हाईक रोजचं. त्याला आज शिळं वाढलं तर उद्या तो समोर जाऊन बसेल आणि बाजारभर सांगेल. पर्यटक बहुधा एकदाच येतो. तो नाराज झाला काय नि खूश झाला काय, दारातल्या माणसाचं उद्याचं काही बिघडत नाही. म्हणून परक्या गावात मी रेस्टॉरंट शोधतच नाही. तिथला दुकानदार दुपारी कुठे जेवतो ते बघते.

आईला आत घेऊन गेले. काचेसमोरून चालता चालता तिचं बोट एका ट्रेवर थांबलं. "अगं, ही घोळ आहे." मला पटेना. आचाऱ्याने न मागता चमचाभर चाखायला दिली. जाडसर, किंचित आंबट पानं, लसूण घातलेल्या दह्यात कालवलेली. घोळच होती. तुर्की भाषेत तिला 'सेमिझओतू' म्हणतात. आमच्याकडे ही रानभाजी हल्ली शोधून आणावी लागते, आणि इथे ती रोजच्या जेवणात होती. आईने दोनदा घेतली. आदल्या रात्रीनंतर पहिल्यांदा तिचा चेहरा मोकळा झालेला मी पाहिला.

त्या कपाटाची एक खूण तुम्हीही लक्षात ठेवा. ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्यांना 'झेयतिनयाली' म्हणतात. फरसबी, ठिपक्यांचा राजमा, लीकची भाजी असे ते प्रकार. त्यांत मांस नसतं आणि त्या गारच वाढतात. पुष्कळ भाज्यांत चिमूटभर साखर असते, आपण गुळाचा खडा टाकतो तशी. द्राक्षाच्या पानांत भात भरून केलेली डोलमा बिनमांसाची असली की तिला 'यालांजी', म्हणजे खोटी, डोलमा म्हणतात. शाकाहारी माणसाने आधी गार बाजूला जावं. गरम बाजूला विचारल्याशिवाय काही घेऊ नये. पांढऱ्या घेवड्याची उसळ, 'कुरू फासुल्ये', कधी नुसती असते, कधी मांस घालून. पांढराशुभ्र पिलाव पुष्कळदा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असतो. मसुरीच्या सुपाचं तर आम्ही भोगलंच होतं. त्यासाठी दोन शब्द पुरतात, 'एत सुयू?' म्हणजे मांसाचं पाणी. आईने ते पाठ करून टाकले.

'आझ' म्हटलं की लहान वाढणी मिळते, म्हणजे तेवढ्याच पैशांत दोन-तीन भाज्या चाखता येतात. अशा खानावळीत पाव बहुधा टेबलावरच असतो, त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत. साडेबारा ते दीड ही वेळ साधावी, तीननंतर बरेचसे ट्रे रिकामे होतात. रविवारी बाजार बंद, म्हणून बाजारातल्या खानावळीही बहुतेक बंद. उठताना 'हेसाप' म्हणायचं, तो आपला हिशेबच. ताजं ते 'ताझे', दुकान ते 'दुक्कान'. आईला हे शब्द ऐकू येऊ लागल्यावर ती एकटीसुद्धा खाली जाऊन पाव आणू लागली.

पावाची एक गोष्ट सांगायलाच हवी. तिकडे 'आस्किदा एकमेक' नावाची जुनी रीत आहे, म्हणजे अडकवलेला पाव. भट्टीवर दोन पावांचे पैसे द्यायचे, एक घरी न्यायचा, दुसरा ठेवून जायचा. ज्याला गरज असेल तो येऊन फुकट नेतो. आम्ही राहत होतो त्या गल्लीतल्या भट्टीवर तशी पाटी होती. आईने दोन आठवड्यांत एकही दिवस चुकवला नाही.

आता सामानाचं. मसाल्यांची प्रसिद्ध बाजारपेठ म्हणजे मिसिर चार्शिसी, 1660च्या दशकात बांधलेली. इजिप्तहून येणाऱ्या महसुलातून उभी राहिली, म्हणून नावात मिसिर, म्हणजे इजिप्त. बघायला जरूर जा, छताकडे बघत चाला. खरेदी मात्र बाजूच्या दाराने बाहेर पडून हासिर्जिलार गल्लीत करा. इस्तंबूलच्या बायका तिथे सुमाक (आंबट चवीचा लाल मसाला), वाळवलेला पुदिना, लाल मिरचीचा भरडा पिशव्या भरभरून घेत होत्या. आम्ही त्यांच्या मागे रांगेत उभ्या राहिलो, त्यांना भाव लावला तोच आम्हाला लावला.

भाजी आणि फळं आठवडी बाजारातून. तुर्की भाषेत 'पझार' म्हणजे बाजारही आणि रविवारही. बाजारांची नावंही वारांवरून असतात. काडकोय भागातला 'साली पझारी' मंगळवारचा, फातिह भागातला 'चार्शाम्बा पझारी' बुधवारचा. सोमवार, बुधवार, रविवार अशा पेठांच्या गावातून आलेल्या बाईला यात नवल वाटलं नाही, आपलेपणाच वाटला. फातिहच्या मशिदीभोवती गल्ल्याच्या गल्ल्या भरतात. 'सेचमेजे' अशी पाटी असेल तिथे हाताने निवडून घ्यायला मुभा, नसेल तिथे विक्रेता देईल ते घ्यावं. न विचारता ढिगात हात घातलेला त्यांना आवडत नाही, आणि ते योग्यच आहे. घाई नसेल तर संध्याकाळी पालं उतरवायच्या आधी जा, भाव खाली येतात.

तिथेच एका गाड्यावर आईला 'सुझमे योउर्त' दिसलं. फडक्यात बांधून पाणी काढलेलं घट्ट दही, म्हणजे सरळ चक्का. अर्धा किलो घेतला. आमच्या खोलीला छोटं स्वयंपाकघर होतं. चाळणी नव्हती, पुरणयंत्राचा प्रश्नच नव्हता. आईने चमच्याच्या पाठीने तासभर घोटून साखर विरघळवली, घरची वेलदोड्याची पूड घातली. एक वाटी खालच्या मजल्यावर घरमालकिणीला दिली. ती वाटी परत आली ती ऑलिव्हने भरून.

दुसऱ्या शहरांतही माझं पाहणं हेच असतं. सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या ठेल्यांच्या जागेत, ऑफिसातली माणसं टिश्यूचं पाकीट ठेवून टेबल अडवतात आणि रांगेला लागतात. जी रांग त्यांची, ती माझी. इटलीत पिझ्झा अल तालिओच्या दुकानात, जिथे तुकडा कापून वजनावर देतात, शाळा सुटलेली मुलं दिसली की मी आत जाते.

इस्तंबूलहून निघायच्या दिवशी पुन्हा त्याच खानावळीत गेलो. आचाऱ्याने आईला पाहिलं आणि तिने तोंड उघडायच्या आत सुपाच्या भांड्याकडे बोट दाखवून म्हणाला, "एत सुयू योक." मांसाचं पाणी नाही. आईने त्या दिवशी सूप घेतलं, लिंबू पिळून, पूर्ण वाडगा.

तुमची तारीख ठरली की मला आधी कळवा. रमजानच्या महिन्यात यातल्या बऱ्याच खानावळी दुपारी बंद असतात आणि संध्याकाळी रोजा सोडायच्या वेळी उघडतात. तेव्हा दुपारचं घरी शिजवायला लागेल, त्यासाठी राहायची जागा स्वयंपाकघर असलेलीच घ्या.