आबांच्या रेडिओतली शिट्टी

“दिनभर बराबर वाजस, रातले शिट्टी मारस,” म्हणत आबांनी तिसऱ्यांदा सेट काउंटरवर ठेवला. १९९० च्या दशकातली गोष्ट, चोपड्यात माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दिवसा लावून बघावं तर आकाशवाणी इंदूर स्वच्छ. दोनदा मी त्यांना तसंच परत पाठवलं होतं. पण लाईट रात्रीची, केळीला पाणी द्यायला माणूस रात्रभर मळ्यात जागा. त्याला दिवसाच्या स्वच्छ आवाजाचं काय करायचं?

शेवटी मीच रात्री मळ्यात गेलो. ६४८ किलोहर्ट्झवर इंदूरचं गाणं, त्याखाली गुरगुर. काटा केसभर हलवला की गुरगुरीची शिट्टी व्हायची आणि चढत जायची. तिथेच कान टवकारले. दोन स्टेशनं खरंच शेजारी भिडलेली असली तर काटा हलवून शिट्टीचा सूर बदलत नाही. इथे बदलत होता, म्हणजे भानगड सेटच्या पोटात. गाण्यामागे कुणीतरी हिंदीत बोलत होतं. काटा सरळ १५६६ वर नेला, आकाशवाणीच्या नागपूरच्या नॅशनल चॅनेलवर. तोच निवेदक! हजार किलोवॅटचं ते स्टेशन संध्याकाळी सुरू व्हायचं. दिवसा दुकानात सापडणार कसं?

सेट खाटेवर उत्तर-दक्षिण लांबीत पडलेला. आतल्या फेराइट रॉडचं, म्हणजे सेटच्या अँटेनाचं, टोक जिकडे, तिकडचं स्टेशन मरतं. टोक होतं उत्तरेला, इंदूरकडे. पूर्वेच्या नागपूरला मात्र दार सताड उघडं. सेट काटकोनात फिरवला, बोलणं बरंच दबलं.

“रेडिओले बी दिशा लागस का?” आबा हसले.

दुसऱ्या दिवशी सिग्नल जनरेटर, हवी ती फ्रिक्वेन्सी देणारं यंत्र, लावला. आयएफ, म्हणजे सेट आत प्रत्येक स्टेशन ज्या एकाच फ्रिक्वेन्सीवर आणतो तो आकडा, हवा ४५५ किलोहर्ट्झ, निघाला ४५९. असं आगंतुक स्टेशन हव्या स्टेशनच्या वर, आयएफच्या दुप्पट अंतरावरून घुसतं. ४५९ दुणे ९१८, त्यात ६४८ मिळवा: नेमके १५६६. आयएफटीचे, म्हणजे आयएफ ठरवणाऱ्या कॉइलींचे, कोअर फिरवून ४५५ वर आणले, तशी घुसायची जागा सरकली १५५८ वर आणि नागपूर आठ किलोहर्ट्झ बाजूला पडलं. साध्या सेटला तेवढं पुरतं.

कोअर फिरवण्याआधी त्यांच्यावरची नेलपॉलिश खरवडावी लागली होती. लाल. कोअर हलू नये म्हणून बायकोच्या बाटलीतला थेंब टाकायची सवय बाजारात माझ्या एकट्याचीच. आदल्या वर्षी ‘आवाज कमी येतो’ म्हणून हाच सेट आला होता, तेव्हा जनरेटर न लावता नुसत्या कानाने कोअर पिळले होते.

आबांनी पैसे पुढे केले. घेतले नाहीत. का, ते मात्र सांगितलं नाही.