‘फुली’वर फुली

मी मराठीतून इंग्रजीत भाषांतरं करते. साहित्य वगैरे नाही. यंत्रांच्या वापरपुस्तिका, सूचनापत्रकं, मधूनच एखादा अहवाल. एका पंपाच्या पुस्तिकेचं काम तपासून परत आलं, तेव्हा त्यात अकरा ठिकाणी लाल फुल्या होत्या. पहिलीच फुली ‘फुली’ या इंग्रजी शब्दावर होती, ‘पूर्णपणे’ या अर्थाच्या. या योगायोगाचं हसू मला फार उशिरा आलं, त्या दिवशी नुसता घाम फुटला.

वाक्य साधं होतं. ‘मेक शुअर टू फुली क्लोज द व्हॉल्व्ह बिफोर स्टार्टिंग द पंप.’ म्हणजे पंप सुरू करण्याआधी व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा. समासात शेरा होता : स्प्लिट इन्फिनिटिव्ह, टाळा. उरलेल्या दहा ठिकाणी शेराही नव्हता, नुसती फुली.

‘टू’ आणि क्रियापद मिळून इन्फिनिटिव्ह होतं, एवढं शाळेतलं व्याकरण आठवत होतं. या दोघांच्या मधे क्रियाविशेषण घुसलं की जोडी फुटते, म्हणून ते ‘स्प्लिट’. ठीक आहे, मधे नको तर मधे नको. मी रात्री बसून अकराही क्रियाविशेषणं उचलली आणि वाक्यांच्या शेवटी नेऊन ठेवली. अर्ध्या तासात काम संपलं. इतक्या लवकर संपलं तेव्हाच शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी तपासणाऱ्या मॅडमचा फोन. “अहो, आता काय पूर्ण करायचंय? व्हॉल्व्ह पूर्ण बंद करायचा की पंप पूर्ण सुरू करायचा?”

मी वाक्य पुन्हा वाचलं. ‘मेक शुअर टू क्लोज द व्हॉल्व्ह बिफोर स्टार्टिंग द पंप फुली.’ बिचारं ‘फुली’ शेवटी जाऊन पंपाला चिकटलं होतं. व्हॉल्व्ह अर्धवट बंद असला तरी चालेल, असा अर्थ कुणी काढला असता तर त्याची चूक नव्हती.

“पण मॅडम, मधे ठेवू नका असं तुम्हीच म्हणालात.”

“मधे नको म्हणाले. शेवटी न्या असं कुठे म्हणाले?”

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. मग मी उलटा प्रयोग केला, सगळी ‘टू’च्या आधी आणली. त्यातून वेगळाच घोळ झाला. ‘ऑपरेटर्स आर अॅडव्हाइज्ड ग्रॅज्युअली टू लोअर द प्रेशर.’ दाब हळूहळू कमी करायचा, की सल्लाच हळूहळू द्यायचा? ‘ग्रॅज्युअली’ दोन क्रियापदांच्या मधे उभं राहून दोन्हीकडे बघत होतं. शिवाय वाचताना वाक्य ठेचकाळत होतं ते वेगळंच.

आणि मग आलं एक हट्टी वाक्य. ‘द फ्लो इज एक्स्पेक्टेड टू मोअर दॅन डबल.’ प्रवाह दुपटीहून जास्त होणं अपेक्षित आहे. यातलं ‘मोअर दॅन’ हलवून दाखवा. आधी नेलं तर ‘अपेक्षेपेक्षा जास्त’ असं काहीतरी होतं, शेवटी नेलं तर वाक्य तुटतं. मी वीस मिनिटं त्याच्याशी झटापट केली आणि माझा त्या नियमावरचा विश्वासच उडाला. जो नियम पाळून वाक्य लिहिताच येत नाही, तो भाषेचा नियम कसा?

म्हणून तो आला कुठून ते शोधलं. सगळीकडे सांगितलं जाणारं कारण लॅटिनचं : लॅटिनमध्ये असं क्रियापद एकाच शब्दाचं असतं, ते फोडता येत नाही, म्हणून इंग्रजीतही फोडू नये. हे कारण ऐकायला छान आहे. पण ज्यांच्यामुळे हा आक्षेप गाजला त्या इंग्लंडमधल्या कँटरबरी कॅथीड्रलच्या डीन, म्हणजे प्रमुख धर्मगुरू, हेन्री आल्फर्ड यांनी 1864 मध्ये लॅटिनचा आधार घेतलाच नव्हता. त्यांचं म्हणणं एवढंच, की इंग्रजी बोलणारे ‘टू’ला क्रियापदापासून वेगळं करतच नाहीत. ते मात्र खरं नव्हतं. चौदाव्या शतकातल्या, विक्लिफच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इंग्रजी बायबलमध्ये मांस ‘न खाणं’ चांगलं हे सांगताना ‘टू नॉट’ अशीच रचना आहे. 1966 साली सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक’ या अंतराळयानाच्या मालिकेतलं ‘टू बोल्डली गो’, म्हणजे धाडसाने जाणं, तर जगाच्या तोंडी बसलंय. त्यातलं ‘बोल्डली’ शेवटी नेऊन म्हणून बघा, यान जागेवरून हलत नाही.

क्रियाविशेषण हलवण्याचा सगळ्यात जाहीर घोटाळा 20 जानेवारी 2009 चा. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या शपथेत ‘आय विल फेथफुली एक्झिक्यूट’, म्हणजे ‘मी निष्ठेने पार पाडीन’, असे शब्द आहेत. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांच्या तोंडून ‘फेथफुली’ पुढे घसरलं, बराक ओबामा अडखळले आणि खबरदारी म्हणून दुसऱ्या दिवशी शपथ पुन्हा घ्यावी लागली. तिथे ‘टू’ नाही, ‘विल’ आहे, म्हणजे हे काही स्प्लिट इन्फिनिटिव्ह नव्हे. पण एका क्रियाविशेषणाची जागा चुकल्यामुळे शपथ दोनदा घ्यावी लागते हे वाचून माझ्या अकरा फुल्यांचं दुःख जरा कमी झालं.

इतिहास वाचून राग शांत झाला, पण अकरा वाक्यं तशीच होती. सुटका अनपेक्षित ठिकाणाहून झाली. एका सहकाऱ्याने निरोप दिला, “तुला लगेच फोन करायला सांगितलंय.” मी हातातलं काम टाकून फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, “अगं, सावकाश केला असतास तरी चाललं असतं. मी त्याला म्हटलं होतं, तिला लगेच सांगून ठेव.” म्हणजे ‘लगेच’ सांगण्याला होतं, फोन करण्याला नव्हतं!

हे तर तेच दुखणं. ‘तिने मला हळूच निघायला सांगितलं.’ निघायचं हळूच, की सांगितलं हळूच? बोलताना आपण कुठे थांबतो त्यावरून कळतं, कागदावर कळत नाही. लिहिताना मग आपण शब्द सरकवतो : ‘तिने मला निघायला हळूच सांगितलं.’ आता शंका उरली नाही. हा निर्णय मी मराठीत रोज, विचारही न करता घेत होते. इंग्रजीत मात्र ‘हे कोणत्या क्रियापदाचं?’ असं न विचारता ‘नियमात कुठे बसतं?’ असं विचारत होते.

फरक आहे तो जागांचा. मराठीत ‘टू’चं काम शेवटचा ‘ला’ किंवा ‘चं’ करतो : निघायला, निघायचं. तो क्रियापदाला इतका घट्ट चिकटलेला, की मधे काही शिरूच शकत नाही. इंग्रजीतलं ‘टू’ पुढे, सुटं उभं असतं, म्हणून मधे फट राहते. दुसरा फरक मला जास्त महागात पडला होता. आपण ‘हळूच झाकण उघडा’ म्हणतो आणि ‘झाकण हळूच उघडा’ही म्हणतो. क्रियाविशेषण कर्माच्या अलीकडे-पलीकडे हवं तसं फिरतं. इंग्रजीत क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्या मधे सहसा कुणाला शिरू देत नाहीत. ‘टू ओपन केअरफुली द लिड’ हे कानाला खटकतं, आणि माझ्या जुन्या कामांत असली वाक्यं किती होती ते मी सांगणार नाही. ही जागा बंद, ‘टू’च्या आधी संदिग्धता, आणि कर्म लांबलचक असेल तर शेवट फार दूर. अशा वेळी ‘टू’नंतरची फट हीच सगळ्यात स्वच्छ जागा उरते. लोक आळसाने तिथे शब्द कोंबत नाहीत.

मग मी अकरा वाक्यं मोठ्याने वाचायला घेतली. प्रत्येकात आधी क्रियापदं मोजायची आणि क्रियाविशेषण कोणाचं ते मराठीत स्वतःला सांगायचं. ‘आय रिअली वाँट टू अंडरस्टँड’ म्हणजे समजून घ्यायची खरंच इच्छा आहे. ‘आय वाँट टू रिअली अंडरस्टँड’ म्हणजे वरवर नाही, नीट समजून घ्यायचंय. दोन्ही बरोबर, पण दोन वेगळी वाक्यं. ‘नॉट’चं सोपं निघालं. ‘डिसाइडेड नॉट टू गो’ म्हणजे न जायचं ठरवलं, ‘डिडन्ट डिसाइड टू गो’ म्हणजे जायचं ठरवलं नाही. हा भेद मराठीत आधीच तयार आहे. लांब शब्दसमूह मात्र फटीत घालायचे नाहीत. ‘टू विदाउट एनी डिले रिपोर्ट’ (विनाविलंब कळवणं) असं लिहिलं तर क्रियापद येईपर्यंत ‘टू’ होतं हेच माणूस विसरतो. तो मुकाट शेवटी गेला.

संगणकाच्या व्याकरण-तपासणीने पाच वाक्यांखाली चूक दाखवणारी निळी रेघ ओढली. मी ती तशीच राहू दिली. ही पाच मधेच ठेवली, ‘फुली’ आणि ‘मोअर दॅन’ धरून. चार शेवटी नेली, दोन ‘टू’च्या आधी. मधल्या पाचांना प्रत्येकी एका ओळीचं कारण जोडलं आणि काम पाठवून दिलं.

दोन दिवसांनी उत्तर आलं. पाचांपैकी चार मान्य होती. पाचवं होतं ‘बी शुअर टू प्रॉपरली इन्सर्ट द फिल्टर’. त्यातल्या ‘प्रॉपरली’वर पुन्हा लाल फुली. मी वैतागून फोन केला. माझं संदिग्धतेचं भाषण तयार होतं.

“तुमचं कारण बरोबर आहे हो,” मॅडम म्हणाल्या, “जागा चुकलेली नाही. पण तो शब्द हवाच कशाला? फिल्टर वेडावाकडा बसवा असं कुणी छापतं का?”