तारा विझलेला पाहिला

नारायणगावला हायवेलगत माझं गॅरेज होतं. टायमिंग गन, म्हणजे इंजिनच्या ठिणगीच्या तालात लुकलुकणारा दिवा, हातात घेऊन निम्मं आयुष्य गेलं. इंजिन चालू असताना पुलीवरची खडूची खूण डोळ्यांना दिसत नाही, पण गनचा उजेड त्याच तालात पडला की फिरती पुली जागच्या जागी थांबल्यासारखी दिसते. नवीन पोराला हे पहिल्यांदा दाखवलं की तो हमखास वाकून पुन्हा बघायचा.

आमच्याजवळच खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत. विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात तिथे पल्सारची, म्हणजे स्फोटानंतर उरलेल्या, गरगर फिरत ठरावीक तालात लुकलुकणाऱ्या ताऱ्याची माहिती ऐकली. खेकडा तेजोमेघातला पल्सार सेकंदाला जवळपास ३० वेळा लुकलुकतो, आणि नुसत्या रेडिओलहरींतच नाही, साध्या प्रकाशातही. मी मनात हिशेब केला, म्हणजे मिनिटाला साधारण १,७७० फेरे. हा तर माझ्या रोजच्या कानातला आकडा! त्या दिवसापासून डोक्यात एकच होतं, याच्यावर टायमिंग गन लावायची.

अर्थात ताऱ्यावर उजेड टाकता येत नाही, म्हणून उलटं करायचं. येणारा उजेडच ठरावीक वेळी अडवायचा आणि सोडायचा. अमेरिकेत लिक वेधशाळेने १९६९ च्या फेब्रुवारीत हेच केलं होतं, फिरत्या चकतीमागे टीव्ही कॅमेरा लावून. त्याच्या तीनेक आठवडे आधी ॲरिझोनात कॉक, डिस्ने आणि टेलर यांनी ३६ इंची दुर्बिणीवर प्रकाशातलं हे स्पंदन पहिल्यांदा पकडलं. सुरुवातीला काहीच हाती लागलं नव्हतं, मग हिशेबातली चूक सापडली. पडद्यावर ठिपके साचत साचत उंचवटा उभा राहिला तेव्हा टेपरेकॉर्डर चालू राहिला होता, त्यामुळे त्यांचे त्या क्षणीचे आवाज आजही ऐकता येतात. मी ते कितीतरी वेळा ऐकलेत. मोठी माणसं लहान पोरांसारखी हरखलेली आहेत.

माझी चकती ॲल्युमिनियमची, लेथवर काढलेली. समोरासमोर १८ अंशांच्या दोन खाचा, म्हणून ती पल्सारच्या निम्म्या वेगाने फिरवायची. पहिल्या रात्री ती इतकी थरथरली की फोटोत प्रत्येक तारा लांबट आला. चाक बॅलन्स करतात तशी जड बाजूला भोकं मारली, मोटरखाली इंजिन माउंटिंगचे रबर बुश घातले, तेव्हा शांत झाली. मोटरचा वेग आणि पृथ्वीच्या चालीमुळे तालात पडणारा फरक भाच्याने कॉम्प्युटरवर बसवला. त्या निम्म्या वेगापेक्षा चकती मुद्दाम मिनिटाला पाव फेरा मागे ठेवली, म्हणजे खाच हळूहळू सरकत दोन मिनिटांत पूर्ण स्पंदनावरून जाते.

जानेवारीत माणिकडोहच्या बाजूला एका ओळखीच्या शेतात १२ इंची दुर्बीण लावली. बिबट्यामुळे आम्ही दोघं टेम्पोत बसून लॅपटॉप बघत होतो, काचा वर. वृषभाच्या शिंगाच्या टोकाजवळ तेजोमेघ, त्याच्या मधोमध दोन बारीक ठिपके. खालचा, नैऋत्येचा आपला. दहा दहा सेकंदांचे फोटो येऊ लागले.

दोन ठिपके. दोन ठिपके. मग एकच.

"मामा, गेला," भाचा म्हणाला.

शेजारचा तारा तसाच होता आणि याच्या जागी फक्त तेजोमेघाचा धुरकट उजेड. पुढे पाचव्या फोटोच्या सुमारास तो मंद उगवला. ती दुसऱ्या, लहान स्पंदनाची वेळ; याच्या प्रत्येक फेऱ्यात एक मोठं आणि एक लहान स्पंदन असतं. पुन्हा गेला, आणि चक्र पूर्ण झाल्यावर लख्ख परत आला. माझ्या हातावर काटा आला. १०५४ साली चिनी लोकांनी जो तारा भरदिवसा पाहिला, त्याचा उरलेला जेमतेम वीस किलोमीटरचा गोळा, साडेसहा हजार प्रकाशवर्षांवर, आणि त्याची चाल मी माझ्या लेथवरच्या पत्र्याने धरली होती. भाच्याचा चहा गार झाला, आम्ही पहाटे तीनपर्यंत उठलो नाही.

हा गोळा हळूहळू मंदावतोय. दिवसाला एका फेऱ्यामागे अवघे ३६ नॅनोसेकंद, पण वर्षभरात माझ्या चकतीच्या हिशेबात तो फरक मिनिटाला एक तृतीयांश फेऱ्याएवढा होतो. यंदाचं सेटिंग पुढच्या थंडीला चालणार नाही. आकडा खडूने चकतीच्या पेटीवर लिहून ठेवलाय, तारखेसकट.